लेझीम, कमान आणि कमानगर

शाळेत १५ ऑगस्टच्या आधी पंधरा दिवस लेझमीचा सराव चालायचा. लाकडी दांडा, त्याच्या दोन टोकांना अडकवलेली साखळी आणि साखळीत खुळखुळणाऱ्या लोखंडी चकत्या. हलगीच्या तालावर खांदे दुखेपर्यंत आम्ही खेळायचो. हे वाद्य आहे की व्यायामाचे साधन, असा प्रश्न त्या वयात पडला नाही. पुढे मराठीतल्या फारसी शब्दांच्या नादी लागलो तेव्हा कळले, की लेझीम हे मुळात धनुष्य आहे. फारसीत ‘लेझम’ म्हणजे सरावाचे धनुष्य, ज्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेली असते. नवशिक्याने खऱ्या कमानीला हात लावण्याआधी ही साखळी ओढून दंड आणि खांदे तयार करायचे. इराणच्या जोरखान्यांत, म्हणजे तिथल्या तालमींत, पैलवान आजही साखळीचे अवजड लोखंडी धनुष्य डोक्यावर धरून डावी-उजवीकडे खेळवतात. आपल्याकडे धनुष्य गेले, साखळी तेवढी राहिली.

भाषेत असे अवशेष बरेच आहेत. कमान म्हणजे धनुष्य, पण आता ती दाराची किंवा गावच्या वेशीची असते. ‘काय तीर मारलास?’ हा टोमणा उरला. तिरंदाजाच्या शेजारी तोफ डागणारा गोलंदाज आला आणि त्याच साच्यातून क्रिकेटचा फलंदाज निघाला. वानखेडेवर बसलेल्या किती जणांना ठाऊक असेल, की आपण मधल्यामध्ये फारसी बोलतो आहोत!

हे सगळे आठवण्याचे कारण माझा भाचा. तो दोन वर्षांपासून कंपाउंड धनुष्य चालवतो. महाराष्ट्रातल्या पोरांना या खेळाचे वेड लागले त्याला कारण आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली आणि त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. पन्नास मीटरवर दहा गुणांचे वर्तुळ असते अवघे ८ सेंटिमीटरचे. त्यात पंधराच्या पंधरा बाण. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही घेतली जाणार आहे. त्यामुळे घरात आता त्याच्या खर्चाबद्दल कुणी फार बोलत नाही.

एकदा त्याला विचारले, रोज तीन तास काय करतोस? म्हणाला, “मामू, बाण मारण्यात निम्माच वेळ जातो. बाकीचा धनुष्य लावण्यात.”

लावणे हा त्याचा शब्द. वाद्य लावावे तसे. कंपाउंड धनुष्य अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर अॅलन याने तयार केले. १९६६ मध्ये अर्ज आणि १९६९ च्या डिसेंबरमध्ये पेटंट. धनुष्याच्या दोन टोकांना त्याने चाके बसवली, ज्यांचा आस मध्यावर नाही, एका कडेला आहे. दोरी ओढताना सुरुवातीला पूर्ण जोर लागतो, पण चाक फिरून गेले की भार एकदम उतरतो. साठ पौंडांचे धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातात जेमतेम पंधरा पौंड धरून ठेवावे लागतात. नेम धरायला सवड मिळते ती त्यामुळे.

पण त्याची किंमत निगा राखून मोजावी लागते. वरचे आणि खालचे चाक एकाच क्षणी थांबले पाहिजे. एक जरी केसभर पुढे गेले तरी बाण वर-खाली जातो. दोरी नवी असताना ताणते, मग चाकांचा मेळ बिघडतो आणि धनुष्य शिकंजात दाबून दोरीला पीळ द्यावा किंवा काढावा लागतो. बाण दोरीवर कुठे बसतो ती जागा काटकोन लावून तपासायची. मग लाकडी चौकटीत कागद ताणून त्यातून काही पावलांवरून बाण सोडायचा. भोक स्वच्छ पडले तर ठीक. कागद एका बाजूला फाटला तर बाणाची शेपटी तिकडे झुकते आहे, म्हणून बाणाचा टेकू किंचित सरकवायचा. दोरीला मेण लावायचे, धागे उसवले असतील तर बदलायची, पात्यांवर बोट फिरवून तडा शोधायचा. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडायची नाही. त्यांच्या मैदानावर एका पाहुण्याने गंमत म्हणून तसे केले. बाणाला मिळायची ती सगळी ताकद धनुष्यातच फिरली, दोरी चाकावरून उडाली आणि एका पात्याला तडा गेला. पोराचे वर्षभराचे पैसे क्षणात गेले.

हे ऐकताना मला वाटले, हा पोरगा मला ममलूकांच्या काळातले पुस्तक वाचून दाखवतो आहे.

मुस्लिम इतिहासात तिरंदाजीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक अभिमानाचा, म्हणजे घोड्यावरून मागे वळून बाण मारणारे तुर्क वगैरे. दुसरा त्याच घोडेस्वारांच्या भीतीचा. दोन्हींत बाण सुटलेलाच असतो. तो सुटण्याआधी धनुष्याला काय काय करावे लागते, हे कुणी सांगत नाही. खुद्द त्या काळच्या तिरंदाजांना मात्र त्याचीच जास्त काळजी होती. १३६८ च्या सुमारास ममलूक सल्तनतीत तैबुगा अल-बकलमिशी याने तिरंदाजीवर ग्रंथ लिहिला. १९७० मध्ये लॅथम आणि पॅटरसन या दोघांनी तो इंग्रजीत आणला. त्यात शौर्याच्या कथा शोधणाऱ्याची निराशा होते. धनुष्य आपल्या ताकदीला साजेसे कसे निवडावे, दोरी किती लांब असावी, ती चढवण्याच्या पद्धती कोणत्या, अंगठ्यात घालायची अंगठी कशी असावी, दोरीचा फटका बसून इजा होते ती कशामुळे, असा हा सगळा कारखान्यातला मजकूर आहे.

हे धनुष्य नुसत्या लाकडाचे नसे. मधे लाकडाची पातळ पट्टी. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीचे शिंग, कारण दाब सोसण्यात शिंगाला तोड नाही. बाहेरच्या बाजूला गुराच्या पायातली जाड नस, कारण ती ताण सोसते. नस वाळवून, कुटून, तिचे तंतू विंचरून सरसात भिजवायचे आणि थरावर थर बसवायचे. सरस जनावरांच्या नसांचा किंवा माशाच्या फुग्याचा. मग वाळत ठेवायचे, वर्षभर, कधी त्याहून जास्त. घाई केली तर थर सुटतात. नसा वाळताना आकसतात आणि दोरी नसलेले धनुष्य उलट बाजूला वळून जवळजवळ वर्तुळ होते. दोन्ही टोके ताठ ठेवलेली असत. दोरी ओढत आणली की ही टोके तरफेचे काम करतात आणि शेवटच्या टप्प्यात हाताला जोर कमी जाणवतो. अॅलनने चाकांनी जे केले, त्याच वाटेवरचे हे आधीचे पाऊल आहे. चाकांइतकी सूट यात मिळत नाही, हेही खरे.

जुन्या अरबी कोशकारांनी या धनुष्याच्या भागांना दिलेली नावे मला फार आवडतात. मुठीच्या मधल्या भागाला ते ‘कबिद’ म्हणतात, म्हणजे यकृत. त्याच्या लगतचा भाग ‘कुल्या’, म्हणजे मूत्रपिंड. लाकूड, शिंग आणि नस यांतून घडलेल्या वस्तूला त्यांनी शरीर मानले.

आणि शरीरासारखेच ते आजारी पडे. दोरी चढवण्याआधी निखाऱ्यांच्या मंद उबेत धरून ते शेकावे लागे, कारण थंड आणि ताठर धनुष्य उलट्या बाजूने वाकवताना शिंगाला तडा जाई. चढवल्यावर टोकाकडून एक डोळा मिटून पाहायचे, दोरी मधोमध जाते का. एखादे पाते कलले असेल तर तेवढाच भाग पुन्हा शेकून हाताने दाबून सरळ करायचे आणि निवेपर्यंत सोडून द्यायचे. दोन्ही पाती सारखी वाकतात का, हे पाहायचे ते वेगळेच. भाच्याची दोन चाके आणि ही दोन पाती, दुखणे एकच. वापर संपला की दोरी उतरवून ठेवायची. ओल लागू नये म्हणून नसांवर भूर्जाची साल किंवा चामडे, त्यावर रोगण.

या सगळ्याचा शत्रू म्हणजे पाऊस, आणि तो आपल्याकडे चार महिने असतो. बाबरने हिंदुस्तानाबद्दल केलेल्या तक्रारी प्रसिद्ध आहेत. चांगली द्राक्षे नाहीत, बर्फ नाही, वाहते पाणी नाही. पण ‘बाबरनामा’त पावसाळ्याविषयी त्याने जे लिहिले आहे ते इतके सांगितले जात नाही. इथली पावसाळी हवा त्याला आवडली होती. तिचा दोष एकच, हवा फार ओलसर होते. आमच्या मुलखातले धनुष्य इथला पावसाळा पाहून निघाले की ओढण्याच्याही लायकीचे राहत नाही, आणि चिलखत, पुस्तके, कापड, भांडी, सगळ्यांचीच ही गत होते, असे तो म्हणतो. पानिपत जिंकलेला माणूस सुटलेल्या सरसाची चिंता करतो आहे. युद्धखोर म्हणून रंगवलेल्या किंवा डोक्यावर घेतलेल्या बाबरपेक्षा मला हा बाबर जास्त खरा वाटतो.

हिंदुस्तानी कारागिरांनी यावर वाट काढली. शिंगाच्या कमानींवर लाखेचे थर आणि वेलबुट्टी आली. आणि पूर्ण पोलादाचे धनुष्यही इथे बनू लागले, काही तर मुठीत फिरकी घालून दोन तुकड्यांत उघडणारे. पोलादाची पाती जड असतात, त्यामुळे बाण शिंगाच्या कमानीइतका जोरात जात नाही. पण ते ओलीने सुटत नाही आणि शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिले तरी चालते. मारा थोडा कमी, पण भरवसा जास्त. पावसाळ्याच्या देशात हा व्यवहार शहाणपणाचा होता.

उस्मानी तुर्कांनी ही कला टोकाला नेली. इस्तंबूल जिंकल्यावर सुलतान मेहमद दुसरा याने तिथे ओकमैदान राखून ठेवले. ओक म्हणजे बाण. लांब पल्ल्याचे बाण जिथे पडत तिथे दगडी खांब उभारले जात, त्यातले काही अजून वस्तीत उभे आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या तुर्की वकिलातीचा चिटणीस महमूद एफेंदी याने इंग्रज तिरंदाजांसमोर ४८० यार्डांपलीकडे बाण टाकला, तेव्हा बघणारे चकित झाले. सुलतान महमूद दुसरा याने १८२६ मध्ये जानिसारींचे पथक तोफांनी मोडून काढले आणि त्याच सुलतानाने मुस्तफा कानीकडून तिरंदाजीचे सगळे ज्ञान लिहवून घेतले. १८४७ मध्ये ते पुस्तक छापून आले तोवर सुलतान वारला होता आणि रणांगणावरून धनुष्यही गेले होते. पुढे पॉल क्लोपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये तुर्की धनुष्यावर पुस्तक लिहिले, ते कानीच्याच आधारावर. कारागिराच्या हातातली विद्या कागदावर उतरली म्हणून तरली.

उस्मानी धनुष्यांवर बारीक अक्षरात घडवणाऱ्याचे नाव आणि साल लिहिलेले सापडते. मला त्यावरून एक हदीस आठवते, अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांतली. एका बाणामुळे अल्लाह तिघांना जन्नत देतो, असा तिचा आशय: भल्या हेतूने तो बाण घडवणारा, तो मारणारा आणि तो हातात आणून देणारा. यात घडवणाऱ्याचे नाव पहिले येते. आपण मात्र मारणाऱ्यांची नावे पाठ केली, घडवणाऱ्यांच्या पुढे जात लावली आणि त्यांना पंगतीच्या टोकाला बसवले. अश्रफ म्हणवणाऱ्यांच्या घरात कमानगराची सोयरीक किती सहज झाली असती, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून पाहावे.

बंदूक आल्यावर या कमानगरांचे काय झाले, ते कच्छमध्ये दिसते. तिथल्या मुस्लिम कमानगरांचे हात धनुष्यावर वेलबुट्टी काढण्यात बसलेले होते. धनुष्याचे गिऱ्हाईक संपले तेव्हा ते भिंती रंगवू लागले. व्यापाऱ्यांच्या हवेल्यांत त्यांनी हत्ती, मिरवणुका, देवदेवता, गोऱ्या साहेबांच्या स्वाऱ्या रंगवल्या. त्या शैलीला आजही कमानगरी म्हणतात.

उर्दू कोशात कमानगर या शब्दाचे दोन अर्थ सापडतात. पहिला धनुष्य करणारा. दुसरा मोडलेले किंवा सरकलेले हाड बसवणारा. शिंग, नस, सरस, पात्याचा कल आणि तो सरळ करताना किती दाब द्यायचा, हे ज्याच्या बोटांना कळते, त्याच्याकडे लोक मोडलेला हात घेऊन जाऊ लागले असतील.