नर्मदाकाठचे रावेरखेडी

रावेर म्हटले की आपल्या मंडळींना खानदेशातले, भुसावळ-खांडवा लोहमार्गावरचे रावेर आठवते. आम्हांस सांगावयाचे ते रावेर निराळे. मध्य प्रदेशाच्या खरगोण जिल्ह्यात, सनावदच्या बाजूस, नर्मदेच्या दक्षिण तीरावर ते वसले आहे. आणि ते इतके लहान, की त्याच्या नावातच ‘खेडी’ आहे.

हा निमाडचा मुलूख. उत्तरेस विंध्य, दक्षिणेस सातपुडा आणि मधल्या सखल पट्ट्यातून वाहणारी नर्मदा. काळ्या जमिनीत कापूस पिकतो, घरोघर निमाडी बोलतात आणि वैशाखात ऊन असे तापते, की दुपारी वाटेवर माणूस दिसू नये. दख्खन आणि हिंदुस्थान यांची सीमा ती हीच नदी. ती ओलांडण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्या थोरल्या बाजीरावांचा शेवट तिच्याच काठी व्हावा, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

१७४० च्या आरंभी गोदावरीकाठी नासिरजंगाचा पराभव झाला. त्यानंतर मुंगी-पैठणच्या तहात हंडिया व खरगोण हे प्रांत पेशव्यांस मिळाले. त्यांचा ताबा घेण्यासाठी बाजीराव इकडे आले. म्हणजे ज्यांना ते अखेरचे मुक्कामाचे ठिकाण ठरले, ते तेथे लढाईस नव्हे, तर नव्या मुलखाची व्यवस्था लावण्यास आले होते. ताप आला, तो हटेना. आणि २८ एप्रिल १७४० रोजी, वयाची चाळिशीही पुरी होण्याआधी, त्यांचे देहावसान झाले. बंधू चिमाजीआप्पा आणि ज्येष्ठ पुत्र नानासाहेब त्या वेळी दूर कोकणात, आंग्र्यांच्या भाऊबंदकीत गुंतलेले. दहन नदीकाठी झाले. चिमाजीआप्पाही त्याच वर्षाच्या अखेरीस गेले.

पुढे तेथे दगडी समाधी उभी राहिली. ती राणोजी शिंद्यांनी बांधविली असे सांगतात. भोवती धर्मशाळेच्या ओवऱ्या आहेत. शनिवारवाड्यासमोर उभे राहणारे हजारो; येथवर येणारे थोडे. नर्मदेची परिक्रमा करणारे मात्र याच काठाने जातात.

महेश्वरच्या धरणाची योजना निघाली तेव्हा ही समाधी पाण्याखाली जाणार, अशी भीती उत्पन्न झाली आणि रावेरखेडीचे नाव पुन्हा वृत्तपत्रांत दिसू लागले. स्मारकाची आठवण होण्यास ते बुडण्याची वेळ यावी लागते, हे आम्हांस काही भूषणावह वाटत नाही. इंदूर-ओंकारेश्वराच्या यात्रेस निघणाऱ्या आपल्या कुटुंबांनी सनावदहून वाट थोडी वाकडी करावी. जावयाचे ते मात्र थंडीच्या दिवसांत.