स्लायगोचे पाहुणे

मागच्या व्याख्यानात आपण आयर्लंडच्या साहित्यिक पुनरुज्जीवनापर्यंत आलो होतो. आज तिथल्याच एका लहान गावात जाऊ. स्लायगो हे वायव्य किनाऱ्यावरचं बंदर, कवी डब्ल्यू. बी. येट्स यांचं आजोळ. येट्स १९३९ साली फ्रान्समध्ये वारले, आणि १९४८ मध्ये त्यांना आणून स्लायगोजवळच्या ड्रमक्लिफ इथे पुरलं. १९५८ मध्ये गावात येट्स सोसायटी निघाली आणि १९६० पासून दर उन्हाळ्यात येट्स समर स्कूल भरू लागलं.

समर स्कूल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोरांचं शिबिर येतं. तसं ते नव्हे. देशोदेशीचे विद्यार्थी आणि प्राध्यापक इथे जमतात. सकाळी व्याख्यानं, दुपारी चर्चासत्रं, संध्याकाळी काव्यवाचन किंवा नाटक. आणि खरे वाद, बरं का, रात्री पबमध्ये.

आता प्रश्न असा की, कवी गावचा, डोंगर गावचा, थडगंही गावाजवळ. मग व्याख्यानाला बाहेरचे पाहुणे कशाला? पिकतं तिथं विकत नाही असं आपण म्हणतो. आमच्या मते इथे धोका नेमका उलटा होता. गाव कवीचा देव करून बसलं असतं. जत्रा भरली असती, कविता मात्र कुणी वाचली नसती.

सुरुवातीच्या वर्षांत संचालक होते टी. आर. हेन. जन्माने स्लायगोचे, नोकरीने केंब्रिजचे, म्हणजे निम्मे घरचे, निम्मे पाहुणे. त्यांनी घडी बसवली. पण बाहेर वारं बदलत होतं. १९६५ मध्ये कॉनर क्रूझ ओब्रायन यांनी येट्सच्या राजकारणावर, त्याच्या फॅसिझमकडे असलेल्या ओढीवर एक जळजळीत निबंध लिहिला. त्यानंतर नुसती आरती ओवाळणं अवघड झालं.

पुढे १९७५. हेलन व्हेंडलर या अमेरिकन समीक्षक तिथे आल्या होत्या. येट्सवरचं त्यांचं पुस्तक १९६३ सालीच आलेलं. तिथे त्यांनी शेमस हीनी यांना कविता वाचताना पहिल्यांदा ऐकलं. हीनी छत्तीस वर्षांचे, बेलफास्ट सोडून दक्षिणेत आलेले, आणि त्याच वर्षी त्यांचा 'नॉर्थ' हा संग्रह निघालेला. उत्तरेत माणसं मारली जात होती आणि त्याच हिंसेशी हा संग्रह झुंजत होता. व्हेंडलर पुढे हीनींच्या सर्वांत निष्ठावान भाष्यकार झाल्या. जुन्या कवीसाठी यावं आणि नवा कवी घेऊन जावं, असंही घडतं.

हिंसा दूर होती असं समजू नका. २७ ऑगस्ट १९७९ रोजी याच काउंटीतल्या मलाहमोरच्या समुद्रात लॉर्ड माउंटबॅटन यांची बोट आयआरएने बॉम्बने उडवली. हो, आपले शेवटचे व्हाइसरॉय, तेच.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर डेक्लन कायबर्ड संचालक झाले आणि त्यांनी एडवर्ड सईद यांना बोलावलं. सईद पॅलेस्टिनी; आयर्लंडशी नातंगोतं काही नाही. त्यांनी मांडलं ते असं: येट्सला इंग्रजी परंपरेतला एक महाकवी एवढंच मानू नका. परकीय सत्तेखालच्या भूमीचा हा कवी आहे. त्याला नेरुदा, सेझेर, दरवीश यांच्या पंगतीत बसवून पाहा. कवीचे दोष त्यांनी झाकले नाहीत. मातीच्या अभिमानात अडकून पडणं आणि मुक्त होणं यांत फरक आहे, हेही त्यांनी बजावलं. १९८८ मध्ये डेरीच्या फील्ड डे संस्थेने ते पुस्तिकेच्या रूपात छापलं, आणि १९९३ च्या 'कल्चर अँड इम्पीरिअलिझम'मध्ये ते समाविष्ट झालं. काहींना हे राजकारण वाटतं. आम्हांला वाटतं, घरच्या माणसाला जे बोलणं जड जातं, ते पाहुणा सहज बोलून गेला.

सईद यांच्या या पंगतीत आपलंही एक पान मांडायला हवं. बडनेऱ्याचे शंकर गजानन पुरोहित, म्हणजे श्री पुरोहित स्वामी. त्यांचे गुरू भगवान श्री हंस यांचं कैलास-मानसरोवर यात्रेचं मराठी पुस्तक स्वामींनी इंग्रजीत आणलं आणि १९३४ च्या त्या भाषांतराला येट्सने प्रस्तावना लिहिली. १९३५-३६ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं इंग्रजी केलं; पुस्तक १९३७ मध्ये आलं. संस्कृत जाणणारे एकटे स्वामी, इंग्रजीवर शेवटचा हात येट्सचा. वसाहतीतले दोघं एकत्र बसून काही घडवत होते, की एक जण दुसऱ्याच्या ठेव्यातून स्वतःला हवं ते उचलत होता? हा प्रश्न स्वामींना विचारायला हवा होता. पण समर स्कूल सुरू झालं १९६० ला, आणि स्वामी वारले १९४१ मध्येच.