वर्णन नसलेली गाय

शासकीय पशुगणनेच्या तक्त्यांत एक रकाना असतो : ‘नॉनडिस्क्रिप्ट’. जिचे वर्णन करता येत नाही, नेमके सांगायचे तर जिचे वर्णन करण्याची तसदी कोणी घेतलेली नाही, अशी गाय त्या रकान्यात जाते. मराठीत आपण तिला ‘गावठी’ म्हणून मोकळे होतो. हेच विशेषण आपण माणसांच्या बोलण्यालाही लावत आलो आहोत, हे भाषेच्या वर्गात शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. आमचे एक ज्येष्ठ सहकारी निवृत्तीनंतर कोकणातल्या आपल्या दीड एकरावर राहायला गेले. ‘एखादी दुर्मीळ जातीची गाय पाळावी म्हणतो, कोणती घेऊ?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्हांला आधी हा रकाना आठवला आणि पाठोपाठ, कोकणासारखाच पाऊस आणि तशीच तुकड्यातुकड्यांची शेती असलेल्या केरळातील वेच्चूर गायीचा इतिहास.

वेच्चूर हे कोट्टयम जिल्ह्यातील, वेंबनाड सरोवराच्या परिसरातले गाव. तेथील गाय उंचीला जेमतेम तीन फूट. दूध दिवसाला दोन-तीन लिटर. पण ते बांधावरच्या गवतावर आणि भाताच्या पेंढ्यावर मिळणारे. दमट हवा तिला बाधत नाही. घराभोवती चार माड आणि भाताचा एक तुकडा एवढीच मालमत्ता असलेल्या कुटुंबाने निवडलेली, किंबहुना त्या कुटुंबाच्या ऐपतीतूनच घडलेली ही गाय.

१९६१ साली केरळात पशुधन सुधारणेचा कायदा झाला. परवान्यावाचून वळू बाळगण्यास बंदी आली आणि देशी वळू खच्ची केले जाऊ लागले. १९६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या सहकार्याने मुन्नारजवळ माट्टुपेट्टी येथे प्रकल्प उभा राहिला; ब्राउन स्विस वळूंशी स्थानिक गायींचा संकर सुरू झाला आणि त्यातून पुढे ‘सुनंदिनी’ घडली. दूध वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुधाची गरजही खरी होती. आम्ही अडखळतो ते ‘सुधारणा’ या शब्दापाशी. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकवताना या शब्दाला निदान ‘कोणाची?’ आणि ‘कोणाच्या मते?’ असे विचारण्याची सोय असते. कायद्याच्या कलमात ती नसते. येथे सुधारणेचे माप एकच होते, लिटर. पेंड किती लागली, औषधपाणी किती झाले, गोठा कसा बांधावा लागला, हा हिशेब शेतकऱ्याच्या वहीत राहिला.

या कायद्याने गायीला हातही लावला नव्हता, हे विशेष ध्यानात घ्यावे. ज्याची त्याची गाय ज्याच्या त्याच्या दाव्याला तशीच होती. फक्त तिच्या जातीचा वळू उरला नाही. पहिल्या वेतात संकरित कालवड, तिच्या पोटी आणखी संकरित. दोन-तीन पिढ्यांत जात संपते, आणि एकाही घरातून गाय नाहीशी झालेली दिसत नाही. म्हणून तर कोणी हळहळलेही नाही.

१९८९ साली केरळ कृषी विद्यापीठातील प्राध्यापिका सोसाम्मा आयप आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन या गायीच्या शोधात निघाल्या, तेव्हा शुद्ध लक्षणांची जनावरे मोजकीच हाती लागली. एवढ्या थोड्या जनावरांतून कळप वाढवायचा तर रक्ताच्या नात्यातील संकर टाळावा लागतो. कोणता वळू कोणत्या गायीला, याची वंशावळ ठेवावी लागते. ते चिकाटीचे काम झाले आणि वेच्चूर वाचली. २०२२ मध्ये आयप यांना पद्मश्री मिळाली. आज ही गाय हौसेने, भरपूर पैसे मोजून घेतली जाते. आंध्रातील पुंगनूरचेही तेच. जी गरिबाची म्हणून टाकली गेली ती बंगल्याच्या हिरवळीवर शोभेची झाली, हे पाहून हसावे की काय करावे, आम्हांला कळत नाही.

मग आमच्या सहकाऱ्यांनी काय करावे? वेच्चूर कोकणात आणावी, असे आम्ही म्हटले नाही. त्यांच्या अंगणाबाहेर जी तांबडी-काळी बुटकी गुरे चरतात, त्यांना अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र जात म्हणून नोंदवले आहे. गोव्यातील पांढऱ्या गुरांची नोंद ‘श्वेत कपिला’ अशी झाली. काल गावठी होती ती आज ‘जात’ झाली. गायीत काडीचाही फरक पडलेला नाही. दूध थोडे, हे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. दोन माणसांच्या चहापुरते आणि शेणखतापुरते पाहिजे असेल, तर ही गाय डोंगरउतारावर स्वतःचे पोट स्वतः भरते. मात्र गायीआधी वळू पाहावा. पंचक्रोशीत तो नसेल, तर घरी आणलेली दुर्मीळ गाय ही त्या दाव्यावरची शेवटचीच.

त्यांचे पत्र परवा आले. गाय अजून घेतलेली नाही. शेजारच्या वाडीत एक चांगला तांबडा खोंड आहे. मालक त्याला पावसाआधी खच्ची करून नांगराला जुंपण्याच्या विचारात आहे. ‘त्याला वर्षभर थांबवण्याची खटपट चालू आहे,’ असे त्यांनी लिहिले आहे, ‘पण नांगरणीचे भाडे मला द्यावे लागेल असे दिसते.’