घर्षण
परस्परांना टेकलेल्या पृष्ठभागांमधील सापेक्ष गतीला किंवा तशा गतीच्या प्रवृत्तीला विरोध करणाऱ्या बलाला घर्षण म्हणतात. न्यूटन यांनी १६८७ मध्ये मांडलेल्या गतीच्या पहिल्या नियमानुसार गतिमान वस्तू जडत्वामुळे, म्हणजे आहे ती अवस्था टिकवण्याच्या गुणधर्मामुळे, बाह्य बलाच्या अभावी एकसमान वेगाने सरळ रेषेत जात राहते. फरशीवर ढकललेली पेटी थांबते ती घर्षणामुळे. आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ मध्ये दाखवल्याप्रमाणे घर्षण हे पृष्ठभागांना एकमेकांवर दाबणाऱ्या लंब बलाच्या प्रमाणात असते. या दोहोंच्या गुणोत्तरास घर्षणांक म्हणतात. सपाट फरशीवरील १० किग्रॅ. वस्तुमानाची पेटी, स्थितिक (म्हणजे वस्तू स्थिर असतानाचा) घर्षणांक ०.४ असल्यास, आडवे बल सुमारे ३९ न्यूटन होईपर्यंत हलत नाही. सरकू लागल्यावर मात्र घर्षण सामान्यतः कमी होते.