मासवडी : घाटावरच्या खोबऱ्यापासून कासारवाडीच्या खोलीपर्यंत

जुन्या पुणे-मुंबई रस्त्याला कासारवाडीत जिथे नाशिकचा रस्ता फुटतो, त्या नाशिक फाट्यावर आज जे. आर. डी. टाटांच्या नावाचा दुमजली उड्डाणपूल आहे, आणि ६ मार्च २०२२पासून मेट्रोही धावते. फाट्यावरून भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असं वर जात राहिलं, की रस्त्याकडेच्या पाट्यांवर एक पदार्थ सारखा भेटतो. मासवडी. कोल्हापूरकराला तांबडा-पांढरा रस्सा, तसा खेड, आंबेगाव, जुन्नरच्या माणसाला हा पदार्थ. शेजारच्या पारनेर, संगमनेर, अकोल्यातही ती तितक्याच मानाने होते. पुण्याच्या पेठांमध्ये मात्र कालपरवापर्यंत ती फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

तिच्यात मासा नसतो. बेसनाचं घट्ट शिजवलेलं पीठ थापायचं, मधोमध तीळ, सुकं खोबरं, लसूण, कांद्याचं खमंग सारण भरायचं, गुंडाळून त्याला माशासारखा फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता आकार द्यायचा आणि तिरक्या वड्या पाडायच्या. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू. नावाची उकल एवढीच, की आकार माशाचा. काही जण ‘मांस’ शब्दाकडे बोट दाखवतात, पण गुंडाळून ठेवलेली अख्खी मासवडी एकदा डोळ्यांनी पाहिली की तो वाद मिटतो.

हा पदार्थ अमक्याने अमक्या साली केला, असं सांगणारा कागद कुठे नाही. ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून निघालं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र’ १९१० साली, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली. ही सगळी पुस्तकं शहरातल्या, लिहित्या-वाचत्या घरांतून आली. मासवडी शिकली गेली ती सासूच्या शेजारी उभं राहून. त्यामुळे तिची कुळकथा शोधायची तर तिच्या सारणातच शोधावी लागते. तिच्यातला प्रत्येक जिन्नस कुठून तरी चालत आलेला आहे आणि त्यातल्या बऱ्याच वाटा आपल्याला माहीत आहेत.

सुरुवात डाळीपासून. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरात उगवलेली घोड नदी पूर्वेला शिरूर तालुक्यात उतरते. तिच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून १९८३पर्यंत उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांच्या घरांत जवाबरोबरच मसूर, कुळीथ अशा कडधान्यांचे जळके दाणे सापडले. म्हणजे ज्या खोऱ्यात आज मासवडी रांधली जाते, तिथे कडधान्यावर पोसलं जाणं हे लिहिण्या-वाचण्यापेक्षाही जुनं आहे. हरभऱ्याच्या पिठाचा दर्जा पुढे किती वाढला, ते कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात दिसतं. त्याच्या अन्नभोग प्रकरणात डाळींचे, पिठांचे, तळणीचे प्रकार राजाच्या पानात वाढलेले आहेत. मराठी मुलखातली पाटवडी, थापीव वडी, सुरळीची वडी ही सगळी या पिठाचीच भावंडं. बेसन पाण्यात शिजलं की घट्ट होतं आणि निवलं की जागच्या जागी बसतं, या एका गुणावर अख्खं घराणं उभं आहे. सुरळीची वडी त्यातली नाजूक, ताकाची, शहरी. मासवडी हाडापेराने मोठी.

खोबऱ्याची गोष्ट मला सगळ्यांत गमतीची वाटते. जुन्नर-मंचरच्या काळ्या-तांबड्या रानात नारळ होत नाही. तरीही तिथल्या स्वयंपाकात सुक्या खोबऱ्यावाचून पान हलत नाही. ते आलं कोकणातून, घाट चढून. जुन्नरच्या पश्चिमेला नाणेघाट आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच वाटेने वर यायचा. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि बाहेर दगडात कोरलेला मोठा रांजण. त्यात जकातीची नाणी पडत, असं सगळा मुलूख सांगतो. नारळाचा त्या काळचा लेखी पुरावाही हाताशी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने केलेल्या दानांची यादी कोरली आहे. तिच्यात नानंगोल गावच्या बत्तीस हजार नारळाच्या झाडांचं दान आहे. लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. किनाऱ्यावर नारळाच्या एवढ्या बागा होत्या आणि त्याच नहपानाचा अमात्य अयम जुन्नरच्या लेण्यांत आपला लेख कोरवून घेत होता. ओला नारळ घाटावर येईतो खराब व्हायचा, खोबरं टिकायचं. मीठ आणि खोबरं वर, धान्य खाली. घाटावरच्या वाटणात आजही ओल्या नारळाऐवजी निखाऱ्यावर भाजलेली खोबऱ्याची वाटी पडते, तिचं मूळ बैलांच्या पाठीवरच्या या व्यापारात आहे.

मग मिरची. ती अमेरिकेतली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, १५१०मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतलं, आणि त्यांच्या जहाजांतून मिरची पश्चिम किनाऱ्याला लागली. त्याआधी तिखटपणा होता तो मिऱ्याचा, पिंपळीचा. म्हणजे आज ज्या रश्श्याने नाकाडोळ्यांत पाणी येतं, तो काही झालं तरी पाचशे वर्षांपलीकडचा नाही. पिठाची वडी आणि सारण त्याहून जुनं असेल, पण वडी आणि लाल तर्री यांची सोयरीक अलीकडची. शेंगदाण्याचं तेल तर आणखी उशिराचं. भुईमूग हाही अमेरिकेतलाच पाहुणा. आधी या भागात तीळ, करडई आणि डोंगराकडच्या वाड्यांमध्ये कारळ्याचं तेल चालायचं. सारणातला भरपूर तीळ त्या जुन्या चवीची खूण आहे, असं मी मानतो.

हे सगळं एकत्र येऊन मेजवानीचा पदार्थ का झाला? माझं उत्तर गावच्या यात्रेत आहे. खेड-आंबेगाव-जुन्नरच्या गावोगावच्या यात्रा चैत्र-वैशाखात येतात. लेकी माहेरी येतात, जावई येतात, बैलगाड्यांच्या घाटाला पाहुण्यांची रीघ लागते. आणि नेमक्या त्याच दिवसांत कोरडवाहू रानात हिरवं पान नसतं. घरात असतं ते उतरंडीतलं : नुकतीच निघालेली हरभऱ्याची डाळ, तीळ, खोबरं, चाळीतला कांदा, लसणाची गड्डी, वर्षाचा मसाला. एकही ताजी भाजी न लागता पंचवीस माणसांचं पान सणासारखं दिसावं, हे काम मासवडी करते. फार तर विहिरीच्या कडेची मूठभर कोथिंबीर.

दुसरं कारण तुळशीच्या माळेचं. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी. या पट्ट्यात घरटी एखादा तरी माळकरी असतोच आणि माळ घातली की वशाट बंद. यात्रेत एक दिवस देवाचा, गोडाचा असतो आणि बऱ्याच गावांत दुसऱ्या दिवशी मटण शिजतं. त्या दिवशी माळकरी चुलत्याच्या ताटात काय वाढायचं? रस्सा तोच, भाकरी तीच, वाटण तेच आणि फोडींच्या जागी वडी. पंगतीत त्याचं पान वेगळं दिसत नाही, त्याला कुणी बाजूला बसवत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे धरायचे नाहीत, हा संकेत पिढ्यान् पिढ्या पाळला गेलाय. त्याच खोऱ्यातल्या घरांत बेसनाचा मासा रांधला जावा, यात मला या मुलखाचं शहाणपण दिसतं.

आता ती होते कशी, तेही सांगायला हवं, कारण तिचं सगळं कसब शेवटच्या काही मिनिटांत आहे. कासारवाडीत राहणाऱ्या, मूळच्या मंचरकडच्या एक काकू ती करत होत्या, तेव्हा मी ओट्याशी उभा होतो. आधी सारण. तीळ तडतडेपर्यंत भाजले, खोबरं किसून खरपूस केलं, उभा चिरलेला कांदा तेलात कुरकुरीत तळला, लसूण, मीठ, घरचा मसाला घालून सगळं खलबत्त्यात कुटलं. मिक्सर बाजूलाच होता. “त्यात तीळ तेल सोडतात, सारण चिकट होतं. कुटलेलं मोकळं राहतं,” त्या म्हणाल्या. मग पातेल्यात लसूण-मिरचीची फोडणी, हळद, हिंग, पाण्याला आधण. आधण खळखळायला लागल्यावर एका हाताने बेसन वैरायचं, दुसऱ्या हाताने लाटण्याने घाटत राहायचं. एक गुठळी राहिली तरी वडी तिथे फुटते. झाकण, दणदणीत वाफ, पुन्हा घाटणं, पुन्हा वाफ. लाटणं उभं राहिलं की पीठ झालं.

इथून पुढे वेळ नसतो. ओलं फडकं पाटावर पसरलेलं, त्यावर खोबऱ्याचा कीस आणि कोथिंबीर भुरभुरलेली. पीठ त्यावर ओतलं आणि काकूंनी हात गार पाण्यात बुडवून भराभर थापायला घेतलं. पीठ पोळत असतं, पण निवलं तर थापताना चिरा जातात. मधे सारणाची जाड पट्टी, मग फडक्याची एक कड उचलून पिठावर पीठ आणलं, दुसरी कड आणली, आणि फडक्यासकट दोन्ही तळव्यांनी वरून चिमटत पाठीला धार दिली. टोकं निमुळती केली. “सुनबाई, फडकं ओढून घे गं!” एवढंच मधे बोलणं झालं. हे काम एकटीचं नाही. एक थापते, एक सारण भरते, एक फडकं धरते. दहा मिनिटांनी सुरीने तिरके काप पडले. बाहेर पिवळी कड, आत काळपट तपकिरी सारण. रस्सा दुसऱ्या शेगडीवर, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा, मुद्दाम पातळ. वडी त्यात कधीच शिजवायची नाही. जेवताना ताटात वडी ठेवायची आणि वरून रस्सा घ्यायचा. आधी घातली की विरघळून पिठलं होतं.

ती मंचरहून कासारवाडीत आली ती कारखान्यांमुळे. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग भोसरी-पिंपरी-आकुर्डीला कारखान्यांची रांग लागली. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७०ची, महापालिका १९८२ची. खेड, आंबेगाव, जुन्नरचे तरुण एसटीने नाशिक रस्त्याने खाली आले आणि कासारवाडी, दापोडी, भोसरीच्या खोल्यांतून राहिले. कुणी फिटर, कुणी टर्नर, कुणी पॅकिंगला. रविवारी गावी, सोमवारी पहिली पाळी. गावाहून परतताना पिशवीत बाजरीचं पीठ, डाळ, मसाल्याची बरणी आणि जुन्या पातळाच्या फडक्यात गुंडाळलेली मासवडी. रस्सा डब्यात नेणं जमायचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेल्या वड्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी परतायच्या आणि चपातीबरोबर डब्यात भरायच्या. कोरडी मासवडी गावातही होती, पण तिला मान मिळाला तो कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, जिथे सोलापूरच्या माणसाची शेंगाचटणी, खान्देशातल्या माणसाचं भरीत आणि जुन्नरकराची वडी एकाच टेबलावर उघडली जायची.

चाकणला मोटारींचे कारखाने आले तसा रस्ता रुंद झाला, ढाबे वाढले आणि मासवडी थाळी झाली. महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत महिला बचत गटांच्या गाळ्यांवर ती हातोहात संपते. घरात मात्र ती कमी झाली, आणि यात नवल नाही. तीन बायकांच्या सहा हातांचं काम दोन खोल्यांतल्या एका बाईकडून, तेही पाळी करून आल्यावर, कसं व्हावं? म्हणून बचत गटाच्या बायकांनी ते पुन्हा एकत्र बसून करणं मला मोलाचं वाटतं. तिथे थापणारी, भरणारी, फडकं धरणारी पुन्हा जमतात आणि त्याचे पैसेही त्यांच्याच हातात येतात. हॉटेलांचं तसं नाही. तिथे बऱ्याचदा बेसन जाड आणि सारण नावाला असतं, कारण तीळ-खोबरं महाग, पीठ स्वस्त. ती कसर मग तर्रीच्या लालीने भरून काढतात.

तेव्हा थाळी मागवाल तेव्हा वडी आणि रस्सा वेगवेगळा मागा. वडीची कापलेली कड बघा, सारण निदान आवरणाइतकं जाड हवं. आणि घरात, नात्यात कुणी आत्या-मावशी अजून हाताने मासवडी थापत असेल, तर येत्या यात्रेला फक्त पंगतीला जाऊ नका. आदल्या दिवशी जा, ओलं फडकं धरायला उभे राहा, आणि डाळीचं पीठ किती, पाणी किती, तीळ किती हे तिच्या वाटीच्या मापाने लिहून घ्या.