दिल्लीची पहाडी

दिल्लीचा इतिहास सांगणारे बहुधा कुतुबमिनारापासून आरंभ करतात, नाहीतर लाल किल्ल्यापासून. परंतु या दोहोंहून कितीतरी पुरातन अशी एक वस्तू या नगरीत आहे आणि ती मनुष्याने बांधलेली नाही. गुजरातेतून निघालेली अरवलीची रांग राजस्थान ओलांडून दिल्लीत येते आणि वजीराबादजवळ यमुनेकाठी संपते. गारगोटीसारख्या कठीण दगडाची ही बुटकी धार म्हणजेच दिल्लीकरांची पहाडी, अथवा रिज. पूर्वेस नदी आणि पश्चिमेस ही पहाडी, यांच्या बेचक्यातच एकामागून एक दिल्ल्या वसल्या आणि उजाड झाल्या.

सरकारी नोकरीनिमित्त दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने फाल्गुनातल्या एखाद्या सुटीच्या दिवशी ही पहाडी एकट्याने, पायी पाहावी. मी तशी पाहिली आहे. सोबत असली की गप्पा होतात आणि दगडांचे बोलणे ऐकू येत नाही. सकाळी हवेत गारवा असतो. दहा वाजल्यानंतर मात्र खडक तापू लागतो. पाणी कोठेच वाहत नाही. पानांवाचूनच्या करीलाच्या काटेरी झुडपांना विटकरी फुले येतात, क्वचित एखादा पळस पेटलेला दिसतो, आणि मोरांचा केकारव सोडला तर बराच वेळ काही कानी पडत नाही.

उत्तरेकडून निघाले की प्रथम लागतो १८२८ साली बांधलेला वाटोळा निशाणबुरूज. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई शहरात शिरले, तेव्हा छावणीतील इंग्रज बायकामुले याच बुरुजात दाटीवाटीने जमली. मेरठहून गोऱ्या पलटणी येतील या आशेवर त्यांनी दिवस काढला. कोणी आले नाही, आणि संध्याकाळी ती मंडळी कर्नाळच्या वाटेने पांगली. त्यानंतर महिना पुरा होण्यापूर्वीच, ८ जूनला बादली-की-सरायची लढाई जिंकून इंग्रजी फौज याच पहाडीवर परतली आणि १४ सप्टेंबरच्या निर्वाणीच्या हल्ल्यापर्यंत येथेच ठाण मांडून राहिली. पहाडीची उंची ती काय, शहराहून साठेक फूट! परंतु तेवढ्या उंचीवरून तट दिसतो, तोफेचा मारा करता येतो, आणि पाठीमागे कालव्याचे पाणी व पंजाबची वाट मोकळी राहते. स्थान हेच अर्धे सैन्य असते, हे सह्याद्रीतल्या माणसास वेगळे सांगावयास नको.

या वेढ्यातील सर्वांत झुंजीचे ठाणे होते हिंदुरावाचा वाडा. हे हिंदुराव म्हणजे कागलकर घाटग्यांच्या कुळातले, बायजाबाई शिंद्यांचे बंधू. ११ सप्टेंबर १८०३ रोजी पटपडगंजच्या रणात दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा मोड झाला आणि दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला. पुढे त्याच दौलतरावांचे हे मेहुणे दिल्लीत येऊन राहिले. १८३५ साली खून झालेल्या विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा वाडा त्यांनी घेतला. १८५७ मध्ये तो गुरख्यांच्या सिरमूर पलटणीने लढविला. आज त्याच आवारात हिंदुरावांच्या नावाचे मोठे रुग्णालय आहे. रोज हजारो मुखांतून ते नाव उच्चारले जाते. ते कोणाचे, हे विचारणारा विरळा.

जवळच अशोकाचा स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने तो मेरठहून आणविला आणि आपल्या शिकारखान्यात रोविला. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कित्येक प्राण्यांची हत्या व निष्कारण वणवे लावणे यांस मनाई आहे. पण ती लिपी फिरोजशाहाच्या काळी कोणासच वाचता येत नव्हती. १८३७ साली प्रिन्सेपने तिचा उलगडा केला. पुढे दारूच्या स्फोटात पाच तुकडे झालेला हा स्तंभ १८६७ साली पुन्हा उभारला गेला.

आणि शेवटी येते ते तांबड्या दगडाचे, गॉथिक धर्तीचे स्मारक. वेढ्यात कामास आलेल्या इंग्रज व देशी शिपायांची गणती त्यावर कोरलेली आहे. समोरच्या तटावर जे पडले, ते येथे केवळ ‘शत्रू’ होत. १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, त्याचे नाव अजितगड झाले आणि ते ‘शत्रू’ वस्तुतः स्वातंत्र्यासाठी लढणारे वीर होते, असा खुलासा करणारी पाटी लावण्यात आली. जुना लेख मात्र खोडला नाही. हे मला फार योग्य वाटते. खोडलेल्या दगडावरून पुढच्या पिढीस काहीच कळत नाही. दोन लेख शेजारी असले म्हणजे वाचणारास विचार करावा लागतो. त्या गणतीत आपलीही माणसे दोन्ही बाजूंना होती, ही बोच कोणत्याच पाटीने जाणारी नाही.

मधली वस्ती ओलांडून दक्षिणेकडे करोलबागेजवळ गेले की पहाडी पुन्हा मोकळी होते. तेथे विलायती किकर माजले आहे. उघड्या खडकावर लवकर वाढते म्हणून इंग्रजी अमदानीत लाविलेले हे अमेरिकेतले झाड देशी झाडांस जागा देईना. आता ते काढून पळस, बोर लावण्याची खटपट चालली आहे. जंगलाचेही स्मारकासारखेच आहे: कोणी तरी लाविलेले दुसऱ्या कोणास निस्तरावे लागते.

सत्ता येथे पाहुणी होती, पहाडी यजमान. तिने अशोकाची आज्ञा, सुलतानाची शिकार, घाटग्यांचा वाडा आणि इंग्रजांच्या तोफा सारख्याच निर्विकारपणे अंगावर वागविल्या. तिची निगा राखणे आणि तिच्यावरील प्रत्येक लेख पुरता वाचणे, एवढे मात्र आपल्या हाती आहे.