‘पिंडारी’ की ‘पेंढारी’ ?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इंग्रजी लेखनात वारंवार भेटणारा ‘पिंडारी’ हा शब्द आता त्या भाषेत इतिहासग्रंथांपुरताच उरला आहे. त्याचे अधिक मूळ रूप मराठी ‘पेंढारी’ हे असावे, असे यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशानेही मानले. वाद आहे तो ‘पेंढारी’च्या व्युत्पत्तीविषयी.

मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात (१८२३) सर जॉन माल्कम याने ‘पिंडा’ नावाच्या मादक पेयाशी या संज्ञेचा संबंध जोडला, आणि पेंढारी सरदार करीमखान याची साक्ष त्याला दिली. हाच करीमखान १८१८ मध्ये माल्कमला शरण गेला होता. जित्याने जेत्यापुढे दिलेल्या अशा साक्षीवर व्युत्पत्ती कितपत उभी करावी ?

एच. एच. विल्सन याचा शब्दसंग्रह (१८५५) अधिक विश्वसनीय वाटतो. ‘पेंढा’ म्हणजे भाताचे काड, ‘हरा’ म्हणजे घेणारा. सैन्यामागे राहून वैरण गोळा करणारा स्वार तो पेंढारी. येथे भातावर अडून बसण्याचे कारण नाही. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमाचा परिसर घ्या किंवा एकूणच ज्वारीचा मुलूख घ्या, कडबा मोजायचा तो पेंढीनेच. घोड्याला वैरण हवी; ती कोणत्या पिकाची, हे गौण. खरी अडचण ‘हरा’ची आहे. पुजारी, भिकारी यांतला ‘-आरी’ प्रत्यय मराठीत हाताशी असताना ‘हरा’ कल्पिण्याची गरज काय ? ‘हरा’ मानला की अपहार शब्दाच्या पोटातच शिरतो. माल्कमच्या व्युत्पत्तीने पेंढारी मद्यपी ठरतो, विल्सनच्या व्युत्पत्तीने चोर.

पेंढाऱ्यांनी गावे लुटली, हे नाकारण्याचे कारण नाही. १८१६ मध्ये गुंटूर भागाने ते अनुभवले. परंतु शिंदेशाही आणि होळकरशाही पेंढारी हे लष्कराचे बिनपगारी अंग होते, आणि लुटीच्या परवानगीपोटी ते ‘पालपट्टी’ भरत. वैरणीपासून लुटीपर्यंतचा हा अर्थविस्तार पगार न देणाऱ्या राज्यव्यवस्थेत घडला. शब्दाच्या धातूत तो शोधणे व्यर्थ आहे.

मेडोज टेलरच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) या कादंबरीत अमीर अली चीतूच्या पेंढाऱ्यांत सामील होतो. ठग आणि पेंढारी एका कथेत आले. मराठीतही ती जोडी रुळली. पुढे मराठी इतिहासलेखनातच पुष्कळदा ‘पिंडारी’ असे इंग्रजी वळणाचे रूप लिहिले जाऊ लागले, आणि त्या रूपात पेंढा ओळखू येत नाही.